मदत हवी आहे: कुत्रीच्या पंज्याची गादी कापली आहे, बँडेज टिकत नाही

कुत्री चार वर्षांची, वजन २२ किलो. काल संध्याकाळी पुढच्या उजव्या पायाच्या मधल्या मोठ्या गादीला काप गेलाय. लांबी साधारण दीड सेंटिमीटर, एका बाजूचा तुकडा पापणीसारखा उघडतो. दाबून धरलं की रक्त थांबतं, चालली की पुन्हा सुरू. पाय टेकवते पण लंगडते, आणि सारखी चाटत बसते. टाके लागतील का? घरी काय लावू? बांधलेली पट्टी तासाभरात निघून येते, कुठे चुकतंय?

प्रतिसाद १

आधी खोली बघा. उजेडात पंजा धरून जखमेची कड हलकेच विलग करा. गादीचं वरचं जाड, खरखरीत कातडं असतं, त्यात रक्त नसतं. तेवढंच सोललं असेल तर पट्टी आणि आठवडाभराची विश्रांती पुरते. त्याखाली गुलाबी थर आणि त्याच्याही खाली पिवळसर, मऊ चरबी. ती चरबी दिसली तर काप आरपार आहे आणि टाक्यांचा निर्णय डॉक्टरांनीच घ्यायचा.

तुमच्या वर्णनावरून मला तीच शंका येते. वजन पडलं की गादी दबून पसरते, कडा फाकतात, म्हणून प्रत्येक पावलाला रक्त येतं. जखम ताजी असताना, पहिल्या सहा-आठ तासांत टाके घालणं सोपं जातं. आता डॉक्टर कडा साफ करून टाके घालतील किंवा उघडी ठेवून भरू देतील. पण आजच दाखवा. लोंबता तुकडा कात्रीने कापू नका. तो जिवंत असेल तर खालच्या जखमेवरचं सगळ्यात चांगलं झाकण तोच आहे.

प्रतिसाद २

धुण्याबद्दल. अर्धा लिटर पाणी उकळून कोमट करा, त्यात ४.५ ग्रॅम मीठ, म्हणजे लहान चमचा काठाच्या किंचित खाली. सुई काढलेल्या सिरिंजने धार मारून माती निघेपर्यंत धुवा. पोव्हिडोन आयोडीन असेल तर पाण्यात फिक्या चहाच्या रंगाचं होईल इतकंच घाला. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि स्पिरिट नको, दोन्ही नव्याने भरणाऱ्या पेशी मारतात. झिंक ऑक्साइडचं मलम आणि टी ट्री तेल तर अजिबात नको, चाटल्यावर पोटात जाऊन विषबाधा होते. आपल्या घरातली आयबुप्रोफेन, पॅरासिटामॉल, डायक्लोफेनॅक यातली एकही गोळी दुखणं कमी करायला देऊ नका.

आता पट्टी. ती निघते कारण पंजा टोकाकडे निमुळता आहे आणि तुम्ही फक्त पंजाच गुंडाळत असणार. पट्टी मनगटाच्या वर चार बोटं गेली पाहिजे. आधी बोटांच्या मधे कापसाचे पातळ पुंजके ठेवा, नाहीतर घामाने कातडी सडते. अंगठ्याच्या नखाखालीही एक, ते रुततं. जखमेवर न चिकटणारा गॉज, त्यावर कापसाचा रोल, मग गॉजची पट्टी, शेवटी स्वतःलाच चिकटणारी पट्टी. प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्याच्या निम्म्यावर घ्या आणि बोटांकडून वर जा. ही शेवटची पट्टी आधी पूर्ण उलगडून सैल करून घ्या. गुंडाळीतून ओढत थेट बांधली तर तासाभरात आवळते.

मधली दोन नखं उघडी ठेवा. ती एकमेकांपासून फाकलेली दिसली किंवा बोटं गार लागली तर पट्टी लगेच सोडायची. बाहेर जाताना वर प्लास्टिकची पिशवी, आत आल्यावर लगेच काढायची. ओली झाली तर तेव्हाच बदला, एरवी दिवसाआड. आणि गळ्यात कोन, म्हणजे चाटता येऊ नये म्हणून घालतात ती शंकूसारखी कॉलर घाला, नाहीतर हे सगळं दातांनी उघडलं जाईल.

मूळ प्रश्नकर्ता

धुतल्यावर आत पिवळसर दिसलं, म्हणजे खोल आहे. शिवाय शेजारच्या दोन बोटांच्या मधे एक लाल फुगवटा आहे, मधोमध बारीक छिद्र. दाबल्यावर पंजा ओढून घेते.

प्रतिसाद १

तो फुगवटा वेगळा विषय असू शकतो. गवताचं कुसळ बोटांमधून आत शिरलं की असंच छिद्र राहतं आणि कुसळाचे केस मागे वळलेले असल्याने ते पुढेच सरकतं. चिमट्याने चाचपू नका, तुटलं की शोधणं अवघड. काच खोलवर अडकलेली दिसली तरी तीच गोष्ट, ओढायची नाही. डॉक्टरांना दोन्ही दाखवा, एकाच भुलेत होऊन जाईल.

टाके पडले तर साधारण दोन-तीन आठवडे राहतात, इतर कातडीपेक्षा जास्त, कारण तिचं वजन त्यावरच पडतं. तोवर फक्त शी-शूसाठी, पट्ट्याला धरून, मऊ जागेवर.

प्रतिसाद २

निघताना पंजा कोरड्या गॉजमध्ये गुंडाळून दाबून धरा, मलम लावू नका. टाके घालण्याआधी ते पुसून काढावं लागतं आणि त्यात तिला पुन्हा दुखतं. भूल लागू शकते म्हणून आत्तापासून खायला देऊ नका, शेवटचं कधी खाल्लं ती वेळ लिहून ठेवा.