गेमच्या पायरसीला मराठीत काय म्हणायचं? चोरी, चाचेगिरी, की आणखी काही?

नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितोय, रामबागेतून. आमच्या गणपतीत दरवर्षी मुलांची मराठी वक्तृत्व स्पर्धा असते, विषय ठरवायचं काम यंदा माझ्याकडे आलंय आणि मोठ्या गटाच्या मुलांनी विषय स्वतःच सुचवला, गेमची पायरसी, म्हणजे पैसे न देता बेकायदा प्रत मिळवून खेळणं, ती कधी बरोबर ठरू शकते का. मला तर फारच आवडला, त्यांच्या रोजच्या जगण्यातला आहे. पण फळ्यावर लिहायला खडू उचलला आणि पहिल्याच शब्दाला अडलो. पायरसीला लिहू काय?

आधी "गेमची चोरी" लिहिलं. माझा भाचा, अकरावीत आहे, तो मागे उभा राहून बघत होता, म्हणाला, मामा, चोरी लिहिलंस तर बाजू मांडणाऱ्याने बोलायचं काय, तो उभा राहायच्या आधीच चोर झाला ना. बरोबर आहे त्याचं. पुसलं.

मग "चाचेगिरी". पेपरात सागरी चाचे, सोमाली चाचे असं वाचलेलं असतं आपण, पण इथे चाचा म्हणजे काका, अख्ख्या गल्लीचा कोणी ना कोणी चाचा असतो, मुलं विचारून राहिली होती की काकांचा काय संबंध. ज्याने समुद्र बघितलाच नाही त्याच्या डोळ्यापुढे त्या शब्दाने काहीच येत नाही.

"कॉपी" लिहावं तर त्याची तर गंमतच आहे. मराठीत कॉपी म्हणजे परीक्षेतली, कॉपी करताना पकडला, कॉपीमुक्त अभियान वगैरे, आणि आमच्याकडच्या हिंदीत कॉपी म्हणजे साधी वही, परीक्षेतल्या त्या प्रकाराला इथे नकल म्हणतात. उलट आपली मराठी "नक्कल" किती सज्जन, सातबाराची नक्कल काढा, निकालाची नक्कल मिळाली, सही-शिक्क्यासकट. म्हणजे एका भाषेत जो शब्द गुन्हेगार तो दुसरीत सरकारी कागद. दोन भाषांत वाढणाऱ्या मुलांना यातला कुठलाही दिला तरी निम्मी मुलं वेगळंच समजणार.

"प्रताधिकारभंग", म्हणजे कॉपीराइटचा भंग, अचूक आहे, पण पंधरा वर्षांच्या मुलाने तो तीन मिनिटांत आठ वेळा उच्चारायचा म्हणजे बिचारा विषय सोडून जोडाक्षरंच सांभाळत बसेल.

मुलं आपसात काय म्हणतात ते पण ऐकलं. "क्रॅकवाला गेम", "क्रॅक टाकला", "टॉरेंटवरून उतरवला". क्रॅक म्हणजे गेमचं कुलूप तोडणारी फाइल, आणि टॉरेंट म्हणजे इंटरनेटवर लोक एकमेकांत फायली वाटून घेतात तो मार्ग. आमच्या वेळी "डुप्लिकेट सीडी" म्हणायचे, आणि त्याच्याही आधी टीव्हीला जोडायच्या गेमच्या पिवळ्या-निळ्या कॅसेटी, वर ९९९९ इन वन लिहिलेलं, त्यात तेच दहा-बारा गेम नावं बदलून पुन्हा पुन्हा. त्या नकली आहेत हे आम्हाला माहीतच नव्हतं, घरात वडिलांनी आणलेली वस्तू नकली असू शकते हेच डोक्यात येत नव्हतं. या सगळ्या शब्दांत एक गोष्ट मला खटकली. क्रॅकवाला, डुप्लिकेट, हे सगळं वस्तूबद्दल आहे, करणाऱ्याबद्दल एकही शब्द नाही. गेम क्रॅकवाला असतो, आपण कोणीच नसतो. तुम्ही काय म्हणता?

———

प्रतिसाद, बडोद्याहून:

दादा, चाचे शब्द आमच्याकडे अजिबात परका नाही. गुजरातीत चांचियो म्हणजे समुद्री लुटारू, आणि चांचियागिरी. इथे किनारा लांब असला तरी शब्द घरोघरी माहीत, त्यामुळे आमच्या बडोद्याच्या मराठीत चाचेगिरी सहज खपून जाईल. पण तुमच्या स्पर्धेसाठी मी तो सुचवणार नाही, कारण वेगळं आहे. इंग्रजीत पायरेट शब्द समुद्रावरून पुस्तकांवर आला तो सतराव्या शतकातच, म्हणजे कॉम्प्युटर तर सोडाच, कॉपीराइटचा पहिला मोठा कायदा व्हायच्याही आधी. तो इंग्लंडचा कायदा १७१० चा, नव्या पुस्तकाला १४ वर्षं हक्क आणि लेखक तेव्हा जिवंत असला तर आणखी १४. त्याआधीपासून ज्यांचं नुकसान होत होतं त्यांनी दुसऱ्याला पायरेट म्हणायला सुरुवात केली होती. म्हणजे मला वाटतं हे नाव नाही, हे नावं ठेवणं आहे. रागावलेल्या माणसाने दिलेला शब्द. राग खरा असेल, पण वादाच्या फळ्यावर एका पक्षाचा राग कशाला लिहायचा?

———

प्रतिसाद, मूळचा इंदूरचा, आता पुण्यात:

मी एका छोट्या गेम कंपनीत टेस्टिंगचं काम करतो, नाव सांगत नाही, पण मला हा सगळा सौम्यपणा पटत नाहीये. चोरीला चोरी म्हणायला काय हरकत आहे? वीजचोरी म्हणतो ना आपण, करचोरी म्हणतो, वाङ्मयचौर्य म्हणतो, यात कुठे कोणी हातात वस्तू घेऊन पळतो? बिल गेट्सने १९७६ मध्ये हौशी कॉम्प्युटरवाल्यांना उघड पत्र लिहिलं होतं, त्याच्या कंपनीचं बेसिक, म्हणजे प्रोग्रॅम लिहायचं सॉफ्टवेअर, ते लोक पैसे न देता वाटून घ्यायचे म्हणून, त्यात त्याने सरळ चोरीचाच शब्द वापरला होता. आणि २०१३ मध्ये गेम डेव्ह टायकून नावाचा गेम आला, दोन भावांनी केलेला, त्यात खेळणारा स्वतःची गेम कंपनी चालवतो. त्यांनी स्वतःच एक बदललेली प्रत टॉरेंटवर सोडली, त्यात खेळणाऱ्याची ती कंपनी शेवटी पायरसीने बुडते. पहिल्या दिवशी ३,३१८ जण खेळत होते त्यातले विकत घेतलेले २१४. आणि टॉरेंटवाल्यातले काहीजण वर विचारत होते की माझी कंपनी पायरसीने बुडतेय, काय करू. पुण्यातच नॉडिंग हेड्सने राजी हा गेम केला, २०२० ला आला, आपल्या पुराणकथांवर, किती वर्षांची मेहनत असते त्यात ते मी बाहेरून बघितलंय. तुम्ही शब्द शोधत बसा, आमचा पगार त्या विक्रीतून येतो.

———

पुन्हा मी, रामबाग:

पुण्याच्या दादांचं दोनदा वाचलं आणि रात्री झोपताना तेच डोक्यात होतं. पगाराची गोष्ट खरी आहे आणि तिला उत्तर म्हणून मी काहीही लिहिलं तरी ते हलकं वाटेल. पण शब्दांचं म्हणाल तर वाङ्मयचौर्य वेगळं ना, त्यात दुसऱ्याचं लिहिलेलं स्वतःच्या नावावर खपवतात. क्रॅक टाकणारा पोरगा "हा गेम मी बनवला" कुठे म्हणतो? वीजचोरीत आकडा टाकला की युनिटं जळतात, कोळसा जळतो, ती वीज दुसऱ्याला मिळत नाही. इथे मूळ प्रत जिथल्या तिथे राहते. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातही याला चोरी म्हटलेलं नाही, हक्काचं उल्लंघन म्हटलंय, आणि अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९८५ मध्ये डाउलिंगच्या खटल्यात, तो गाण्यांच्या बेकायदा छापलेल्या रेकॉर्डींचा होता, कॉपीराइटचा भंग आणि मालाची चोरी यांत फरक केला. पण म्हणून शिक्षा नाही असं कोणी समजू नका. आपल्याकडे ६३ब कलम आहे, प्रत बेकायदा आहे हे माहीत असून प्रोग्रॅम कॉम्प्युटरवर नुसता वापरला तरी ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड. धंद्यासाठी किंवा फायद्यासाठी नसेल तर कोर्ट कैद न देता ५० हजारांपर्यंत दंडावर सोडू शकतं. आणि गेम हा कायद्याच्या व्याख्येत कॉम्प्युटर प्रोग्रॅम म्हणून "साहित्यकृती"त मोडतो, हे मुलांना सांगितलं तर त्यांचा विश्वासच बसेना.

मग दुसऱ्या दिवशी महूला जाताना शब्द सापडला. फुकट्या! रेल्वेच्या बातम्यांत असतं बघा, इतके फुकटे प्रवासी पकडले. विनातिकीट बसलेला माणूस गाडी पळवून नेत नाही, गाडी जाणारच असते, डब्यात जागाही असते, त्याच्यामुळे इंजिनला जास्त ओझं होत नाही. तरी आपण कोणी म्हणत नाही की त्याने बरोबर केलं, कारण ती गाडी बाकीच्यांच्या तिकिटावर चालते. फुकटात खेळणं. चोरी नाही, समुद्रावरची लूट नाही, पण स्वच्छही नाही, आणि मुख्य म्हणजे यात वस्तू नाही, करणारा दिसतो. क्रॅकवाला गेम म्हटलं की गेमला डाग, फुकटात खेळलो म्हटलं की मला.

आणि हा शब्द घेतला की मुलांचे सगळे मुद्दे आपोआप वेगवेगळे होतात. पैसे नव्हते. कळतं मला, पण मग तिकीट परवडत नाही म्हणून पुढच्या स्टेशनपर्यंत तरी घाबरून बसावं, मिरवू नये. आमच्याकडे नीट मिळतच नाही, हे पूर्वी खरं होतं, आता स्टीमवर, म्हणजे गेमच्या ऑनलाइन दुकानात, २०१५ पासून रुपयात किंमती आहेत, सेलमध्ये जुने गेम पोह्या-जलेबीच्या खर्चात मिळतात. आधी खेळून बघायचा होता, तर डेमो असतात, परतावा असतो. हे तिन्ही माझ्या मते टिकत नाहीत, आणि राजीसारखा गेम, जिथे तिकीटखिडकी उघडी आहे, म्हणजे गेम विकत मिळतो, आणि आत मोजकी माणसं बसलीत, तिथे तर अजिबात नाही. पुण्याच्या दादांशी मी इथे शंभर टक्के.

पण तिकीटखिडकीच बंद असेल तर? युबिसॉफ्ट कंपनीचा द क्रू हा गेम, लोकांनी पूर्ण पैसे देऊन घेतलेला, ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाले आणि गेम संपला, एकट्याने खेळायचा भागसुद्धा. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये तपासलं तर अमेरिकेत २०१० च्या आधी आलेल्या गेमपैकी ८७ टक्के आज विकतच मिळत नाहीत. तिथे कोणी जुनी प्रत उतरवून जपली तर त्याला फुकट्या कसं म्हणू, गाडी बंद, रूळ उखडलेले, आणि तो जुना डबा स्वतःच्या अंगणात ठेवून पुसतोय. कायदा मात्र हे विचारत नाही, खिडकी उघडी होती की बंद, त्याला दोघं सारखे. मला हे चुकीचं वाटतं.

———

बडोद्याहून पुन्हा:

दादा, मग "विकत घेतला" हा शब्दसुद्धा तपासा. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायदा आहे की डिजिटल वस्तू विकताना नुसतं "बाय", म्हणजे विकत घ्या, लिहून चालणार नाही, हा परवाना आहे हे ग्राहकाला स्पष्ट सांगायला लागतं. महाराष्ट्रातल्या जमिनीच्या कागदात भोगवटादार वर्ग २ असतो ना, जमीन कसा, वापरा, पण परवानगीशिवाय दुसऱ्याला देता येत नाही. आपले गेम तसे आहेत, खातं मुलाच्या नावावर करता येत नाही. मुलांना सांगा, आपण गेमचे भोगवटादार आहोत, मालक नाही. मग मालकाने हाकललं तर काय, यावर बोलू दे त्यांना.

———

पुन्हा मी:

ताई, भोगवटा घेतला, उत्तम आहे! आता शेवटचा अडकलेला शब्द. "समर्थन" लिहिणार होतो, पायरसीचं समर्थन करता येईल का, पण समर्थन म्हणजे नुसतं पाठीशी उभं राहणं, त्यात आपण बरोबर आहोत का ही विचारणा नाही. तेव्हा "सबब" आठवला. मराठीत सबब म्हणजे लटकं कारण, सबबी सांगू नकोस असं आई म्हणायची, आणि हिंदी-उर्दूत सबब म्हणजे नुसतं कारण, खरंखुरं. आमची मुलं दोन्ही ऐकत वाढतात, त्यांच्या कानात दोन्ही अर्थ एकदम वाजतात, आणि या वादाचा सगळा प्रश्न त्या दोन अर्थांच्या मधेच तर आहे.

आज सकाळी मंडपात फळा लावला. "गेम फुकटात खेळणं: कारण की सबब?" खाली बारीक अक्षरात, प्रत्येकाने आपल्या गेमची तिकीटखिडकी उघडी होती की बंद ते आधी सांगावं. संध्याकाळपर्यंत सात नावं आली. भाचा म्हणतोय तो "सबब" बाजूने बोलणार, गेल्या आठवड्यापर्यंत उलट बाजूने बोलायचं ठरवलं होतं त्याने, आणि आता त्याला राजीची किंमत किती आहे ते बघून ती मोजायचीय.