छपराखालचे रेशीम, जमिनीखालचा सोरा

जपानमधील शिराकावा-गो आणि गोकायामा या डोंगराळ भागांतल्या गाश्शो-झुकुरी घरांच्या, म्हणजे उंच, तीव्र उताराच्या गवती छपरांच्या घरांच्या, छपराला सुमारे साठ अंशांचा उतार बर्फ घसरून जावे म्हणून दिलेला आहे, असे सांगितले जाते आणि ते बरोबरच आहे. पण या घरांचा एवढा मोठा आकार तेवढ्याने उलगडत नाही. उंच छपरामुळे मिळालेल्या माळ्यांवर रेशमाचे किडे पाळले जात. खालच्या इरोरीची, म्हणजे जमिनीत बसवलेल्या चौकोनी चुलीची, ऊब तिथवर पोहोचे, आणि तिच्याच धुराने शाकारणीचे गवत व वासे बांधलेले दोर काजळून टिकाऊ होत.

मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट मात्र जमिनीखालची आहे. गोकायामातील लोक इरोरीजवळ खड्डा खणून त्यात माती, रेशीमकिड्यांची विष्ठा आणि रानातली झुडपे थरांनी भरत, चुलीच्या उबेने ते भर हिवाळ्यातही कुजत राही आणि काही वर्षांनी ती माती पाण्याने धुऊन, ते पाणी आटवून बंदुकीच्या दारूसाठी लागणारा सोरा काढत. हा सोरा त्या भागावर सत्ता असलेल्या कागा संस्थानाचे राज्यकर्ते माएदा घराणे घेत असे, आणि वाट बिकट असलेले हे खोरे गुप्ततेच्या दृष्टीनेही सोयीचे होते. माळ्यावरच्या किड्यांची विष्ठा जमिनीखालच्या उद्योगाचा कच्चा माल ठरावी, इतकी ही घरे आतून एकसंध होती! पुढे मेइजी काळात (१८६८ ते १९१२) परदेशी स्वस्त सोरा येऊ लागला आणि हा धंदा बसला.