जानेवारीत कोकणातल्या नद्यांमध्ये पाण्याखालची फोटोग्राफी: तयारी कशी करावी?

ओहळवेडी

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सहा दिवस, रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत, सह्याद्रीच्या पायथ्याचे ओढे आणि नद्या करायचं ठरतंय. स्कूबा नाही, फक्त मास्क आणि स्नॉर्केल. एपीएस-सी मिररलेस कॅमेरा, अ‍ॅल्युमिनियमचं हाउसिंग (कॅमेऱ्याची जलरोधक पेटी), फिशआय (खूप रुंद कोनाची लेन्स), 60 मिमी मॅक्रो, लेन्ससमोर लावायचे दोन पोर्ट म्हणजे 8 इंची घुमटाकार डोम आणि सपाट फ्लॅट पोर्ट, लाल फिल्टर आणि एक स्ट्रोब (पाण्याखालचा फ्लॅश) आहे. हे सगळं आजवर मालवणच्या समुद्रातच वापरलंय. गोड्या पाण्यात काय बदलावं लागेल? दिवसाची कोणती वेळ धरावी? आणि मगरींचं काय? मळ्या, डॉकिन्सिया, वाम आणि जमलं तर महाशीर, एवढी माशांची यादी आहे.

कातळकडा

आठवडा चांगला निवडलात. ऑक्टोबरपर्यंत पाणी गढूळ असतं आणि मार्चनंतर प्रवाह तुटून नुसते डोह उरतात, त्यांवर शेवाळ धरतं. नोव्हेंबर ते जानेवारी पाणी निवळलेलं असतं आणि वाहतंही असतं. मधेच अवकाळी पाऊस झाला तर मोठी नदी सोडून वरच्या ओढ्यांकडे जा. पाणलोट लहान असल्यामुळे ते आधी निवळतात.

पहिली गोष्ट, लाल फिल्टर घरी ठेवा. समुद्रात पाणी लाल रंग खातं, म्हणून तो लागतो. इथे तुम्ही गुडघाभर पाण्यात असणार, आणि कुजलेल्या पानांमुळे पाण्याला चहासारखी छटा असली तर आधी निळा रंग जातो. त्यावर लाल फिल्टर लावला की सगळा फोटो विटकरी येतो. रॉमध्ये (प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा आणि नंतर रंग जुळवायला त्याच खोलीवर करड्या कार्डाचा एक फोटो घेऊन ठेवा. ऑटो व्हाइट बॅलन्सवर विसंबू नका, शेवाळाच्या हिरव्या दगडांवर तो हमखास चुकतो.

दुसरं म्हणजे डोम. 8 इंची डोमची त्रिज्या साधारण 10 सेंमी असते आणि लांबच्या वस्तूची आभासी प्रतिमा डोमच्या पुढे जेमतेम 30 सेंमीवर तयार होते. फिशआयला तिथे फोकस करता येतो, त्यामुळे ती अडचण नाही. अडचण उंचीची आहे. 25 सेंमी खोल धारेत 20 सेंमीचा डोम नीट बुडत नाही, आणि बुडवला तरी आतल्या हवेमुळे वर उचलला जातो. ओढ्यांसाठी 4 इंची डोम मिळाला तर बघा, भाड्यानेही चालेल. मोठा डोम अर्धा पाण्यात, अर्धा वर अशा फोटोंसाठी ठेवा. तेव्हा अ‍ॅपर्चर एफ 11 ते एफ 16, फोकस पाण्याखालच्या विषयावर. डोम आधी पूर्ण बुडवून वर काढा आणि पाणी ओघळायच्या आत फोटो घ्या. कोरडा झाला की थेंब चिकटून बसतात.

वेळ जागेवर ठरते. उघड्या कातळावरच्या डोहात भर दुपारी लाटांच्या कवडशांचं जाळं माशाच्या अंगावर नाचतं आणि पांढरे पट्टे जळून जातात, म्हणून तिथे सकाळी साडेआठ ते साडेदहा. दाट झाडीखालच्या ओढ्यात मात्र 11 ते 1 याच वेळात पुरेसा उजेड उतरतो. पोहणाऱ्या माशाला शटर 1/250 च्या खाली नेऊ नका.

पाणी कितीही नितळ दिसलं तरी माशापासून 30 सेंमीच्या आत जा. मीटरभरावरून काढलेल्या फोटोत स्पष्टपणा राहत नाही, मग पाणी काचेसारखं असलं तरी. स्ट्रोब पोर्टच्या मागे आणि बाजूला लांब ठेवा, कमी ताकदीवर. लेन्सच्या शेजारी ठेवलात तर गाळाचा प्रत्येक कण पांढरा ठिपका होऊन उजळतो.

आणि वजन. गोडं पाणी समुद्रापेक्षा अडीच टक्क्यांच्या आसपास हलकं. समुद्रात तरंगेल असं जुळवलेलं हाउसिंग इथे तळाला जाईल, म्हणून एखादा फ्लोट जास्त बांधा. उथळ धारेत पालथं स्थिर पडायला मात्र 3 मिमी जाडीच्या वेटसूटवर 2-3 किलो शिसं लागतं, नाहीतर प्रवाह ढकलत राहतो. पट्टा एका झटक्यात सुटणारा हवा, आणि डोहात उतरण्याआधी तो काढूनच ठेवा.

डोहकाठ

मगरींचं आधी बोलू. महाडजवळ सावित्रीत आणि चिपळूणजवळ वाशिष्ठीत मगरी आहेत. नदीचा रुंद, संथ, मातीच्या काठांचा आणि तळ न दिसणारा भाग कुठलाही असो, उतरू नका. तुमचं काम वरच्या दगडगोट्यांच्या भागात आहे. तरीही प्रत्येक ठिकाणी जाळं टाकणाऱ्या माणसाला विचारा, त्याला ठाऊक असतं.

धरणाचं पाणी ही त्याहून मोठी काळजी. कुंडलिकेत भिऱ्याच्या वीजघरातून पाणी सुटतं, कोलाडचं राफ्टिंग त्यावरच चालतं. वाशिष्ठीत कोयनेचं पाणी येतं. अशा नदीत सुटण्याची वेळ कळल्याशिवाय उतरायचं नाही. कडेच्या एका दगडाला पाणी जिथवर टेकलंय तिथे खडूने रेघ मारा आणि काठावर बसलेल्या सोबत्याला ती बघायला सांगा. रेघ बुडाली, किंवा वरून फेस आणि पाचोळा येऊ लागला, की कॅमेरा सोडून बाहेर. पाण्यात तोंड घालून पडलेल्या माणसाला पाणी सोडल्याचा भोंगा ऐकू येईलच असं नाही.

कोकणात लेप्टो (जनावरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिसचा ताप) आहे. अंगावर जखम असेल तर पाण्यात जाऊ नका, गुरं धुतात त्याच्या खालच्या अंगाला तर नकोच. महिनाभरात ताप आला तर डॉक्टरांना नदीत पडून होतो हे आपणहून सांगा.

महाशीर बघायला महाडजवळ काळ नदीवरच्या वाळणकोंडीला (कोंडी म्हणजे नदीतला खोल डोह) जाल. तिथले मासे देवीचे म्हणून गावाने जपलेत. गावकऱ्यांना विचारल्याशिवाय कॅमेऱ्याचा खांबही पाण्यात घालू नका. अभयारण्याच्या हद्दीतल्या ओढ्यांना वन खात्याची परवानगी लागते.

ओहळवेडी

खूप आभार, लाल फिल्टर काढला बॅगेतून. मळ्याबद्दल एक विचारते. गाळ मागे वाहून जावा म्हणून धारेत माशाच्या खालच्या अंगाला राहायचं म्हणतात, पण मग नेहमी शेपटीच येणार ना?

कातळकडा

ताई, अगदी बरोबर. मासे धारेकडे तोंड करून राहतात. खालून गेलात की शेपटी, वरून गेलात की तुमच्या कोपराने उठलेला गाळ थेट त्यांच्या तोंडावर. म्हणून आडवे पडा, धारेला काटकोनात, माशाच्या रेषेपेक्षा वीतभर खाली. गाळ तुमच्या मागे जातो आणि बाजूचा पाऊण चेहरा मिळतो.

समोरूनच हवा असेल तर कॅमेरा एकटा सोडा. मळ्या दगडावरचं शेवाळ खरवडून खातो, त्या जागी दगड पुसल्यासारखा दिसतो. असा दगड शोधून धारेत त्याच्या वरच्या अंगाला हाउसिंग बारक्या गोट्यांत टेकवा, फोकस 20 सेंमीवर हाताने बांधा, एफ 11, दर 5 सेकंदांनी एक फोटो असा इंटरव्हल लावा आणि काठावर जाऊन वीस मिनिटं बसा. मासे लगेच परततात, तोंडाखालच्या चकतीने दगडाला धरून एकेक खरवड घेत पुढे सरकतात. दोनेकशे फोटोंत चार चांगले निघतात. गोटे ठेवले तिथून उचलून परत जागेवर लावा, खाली अंडी आणि किडे असतात.

डॉकिन्सियाला हे लागत नाही. तो पाण्याच्या मधल्या थरात थव्याने असतो आणि स्थिर पडलेल्या माणसाकडे आपणहून येतो. पाठीच्या पराचे लांब तंतू असलेला नर दिसला की त्याच्यावरच राहा.

वॉशर

हाउसिंगचं कुणी बोललं नाही म्हणून. उथळ पाण्यात गळती जास्त होते, कारण ओ-रिंग (सांध्यातलं रबरी कडं) दाबून बसवायला वरच्या पाण्याचा दाबच नसतो. गळतीला ओ-रिंगवर अडकलेला सुती टॉवेलाचा एक धागा पुरतो. ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस फक्त चकाकी येईल इतकंच लावा, निर्वात पंप असेल तर हवा ओढून अर्धा तास तसंच ठेवा, मग पाण्यात. पहाटेच्या गारव्यात जोडणी करा, आत सिलिका जेलची पुडी, आणि उतरेपर्यंत ओल्या कापडाखाली ठेवा. उन्हात तापलेलं हाउसिंग थंड धारेत घातलं की पोर्ट आतून धुरकटतं आणि तासभर साफ होत नाही. बटणांच्या फटींत बारीक वाळू अडकते, प्रत्येक दिवशी बादलीत बुडवून बटणं दाबत धुवा. पाणी आत गेलंच तर कॅमेरा चालू करून बघू नका, आधी बॅटरी काढा.

डोहकाठ

फोटो टाकताना जीपीएस काढून टाका आणि तालुक्याच्या पुढे जागा लिहू नका. दक्षिणेकडे लाल पट्ट्याचा सह्याद्रिया डेनिसोनी हा मासा काचेच्या टाक्यांसाठी इतका पकडला गेला की आज तो धोक्यात आलेल्या प्रजातींत आहे. आपल्या एखाद्या कोंडीचं तसं व्हायला एक पोस्ट पुरते. आणि बूट-सूटचे दोन जोड न्या. एका नदीतला ओला जोड तसाच दुसऱ्या नदीत नेला तर त्यातून रोग आणि शेवाळ जातं. पहिला जोड दोन दिवस कडक उन्हात वाळला की तिसऱ्या दिवशी वापरा, बुटांचे आतले तळवे वेगळे काढून. ओल तिथेच राहते.