बी१२ 'रेंजमध्ये', हिमोग्लोबिन चांगलं, तरी आईचे तळपाय बधिर आणि मन उदास: पुढे कोणती तपासणी करावी?

नमस्कार मंडळी,

आईबद्दल विचारायचं आहे. जरा सविस्तर लिहिते, कारण अर्धवट माहितीवर कुणी सल्ला देण्यात अर्थ नाही.

वय ६६. मधुमेह जुना आहे. मेटफॉर्मिन दहा वर्षांहून जास्त काळ चालू आहे, सध्या दिवसाला २ ग्रॅम. साखर ताब्यात आहे, एचबीए१सी ६.८. ॲसिडिटीसाठी ओमेप्राझोलही कित्येक वर्षं रोज सकाळी ठरलेली. मांस-अंडी खात नाही, दूध थोडंसं घेते.

गेल्या वर्षभरात ती हळूहळू बदलत गेली. आधी वाचनातून लक्ष उडालं, मग बारीकसारीक गोष्टींवरून चिडचिड, बोलता बोलता नेहमीचे शब्द न आठवणं, दुपारभर नुसतं पडून राहणं. डॉक्टरांनी नैराश्य आहे म्हणून सर्ट्रालिन सुरू केली. तिने झोप सुधारली, रडणंही थांबलं. उत्साह आणि स्मरणशक्ती मात्र जिथल्या तिथे आहेत.

याच काळात हातापायांचं सुरू झालं. तळव्यांना मुंग्या येतात, चालताना पायाखाली कापूस अंथरल्यासारखं वाटतं म्हणते. कपड्याचं बटण बोटांना नीट लागत नाही, खाली बघत बघत लावावं लागतं. आणि ज्यामुळे मी हा धागा काढला ती गोष्ट अशी: तोंडाला साबण लावून डोळे मिटले की तिचा तोल पुढे जातो. हल्ली ती एका हाताने बेसिनची कड घट्ट धरते आणि दुसऱ्या हाताने तोंड धुते. डोळे उघडे असताना हीच बाई व्यवस्थित उभी असते.

रिपोर्ट: हिमोग्लोबिन १२.६, एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) ९७, बी१२ २३८ पिकोग्रॅम (लॅबची रेंज २०० ते ९००), टीएसएच (थायरॉइडची तपासणी) २.४, क्रिएटिनिन ०.९. फॉलिक ॲसिड असलेली मल्टिव्हिटॅमिनची गोळी ती बऱ्याच काळापासून घेते.

आमच्या डॉक्टरांचं म्हणणं असं की बी१२ रेंजमध्ये आहे आणि ॲनिमियाही नाही, तेव्हा पायांचं मधुमेहामुळे आणि मनाचं वयामुळे. मला हे पटत नाहीये. अन्नातलं बी१२ प्रथिनांना चिकटलेलं असतं, ते सुटायला पोटात आम्ल लागतं आणि ते आम्ल ओमेप्राझोल कमी करतं. पुढे जठरातच तयार होणाऱ्या 'इंट्रिन्सिक फॅक्टर' या प्रथिनाबरोबर ते लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या भागात शोषलं जातं, तिथे मेटफॉर्मिन आड येतं. ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने २०२२ मध्ये मेटफॉर्मिन घेणाऱ्यांपैकी ज्यांना धोका जास्त आहे त्यांचं बी१२ वेळोवेळी तपासा, असं सांगितलं आहे. यकृतात साठा मोठा असतो, दिवसाची गरज जेमतेम २.४ मायक्रोग्रॅम, म्हणून तूट उघड व्हायला काही वर्षं जातात. आईच्या बाबतीत ती वर्षं उलटून गेली आहेत.

तर २३८ हा आकडा खरंच पुरेसा मानायचा का? नसेल तर कोणती तपासणी मागून घ्यावी? आणि बी१२ आधीच सुरू केलं तर रिपोर्ट बिघडतात का? कारण घरातल्यांचं म्हणणं आहे, "दे ना गोळी, नुकसान तर काही नाही." मला आधी नक्की काय आहे ते कळायला हवं आहे.

प्रतिसाद: बायोकेमिस्ट्रीच्या लॅबमध्ये काम करणारा

ताई, तुमची शंका रास्त आहे. २०० ते ३०० हा पट्टा आम्ही काठावरचा धरतो. रक्तातल्या एकूण बी१२ पैकी मोठा भाग अशा वाहक प्रथिनाला बांधलेला असतो की तो बहुतेक पेशींच्या कामी येत नाही. त्यामुळे आकडा रेंजमध्ये आणि पेशी उपाशी, असं होऊ शकतं.

अशा वेळी बी१२ ने करायचं काम होतंय की नाही ते बघायचं. माणसाच्या शरीरात बी१२ वर चालणाऱ्या अभिक्रिया फक्त दोन आहेत. एकीत होमोसिस्टीनचं मेथिओनीन होतं; ती अडली की होमोसिस्टीन साचतं. मेथिओनीनपासून पुढे 'सॅम' नावाचा रेणू बनतो, जो मेंदूतली रसायनं आणि मज्जातंतूंवरचं आवरण घडवताना लागणारे मिथाइल गट पुरवतो. दुसरी पेशीच्या मायटोकॉन्ड्रियात चालते. ती अडली की मिथिलमेलोनिक ॲसिड, म्हणजे एमएमए, साचतं. तेव्हा एमएमए आणि होमोसिस्टीन या दोन तपासण्या मागा. होमोसिस्टीन फोलेट (फॉलिक ॲसिड ज्याचं एक रूप आहे ते जीवनसत्त्व) कमी असलं तरी वाढतं, एमएमए बी१२ पुरतं जास्त नेमकं आहे. मूत्रपिंड कमजोर असेल तर एमएमए उगाच वाढलेलं दिसतं, पण आईंचं क्रिएटिनिन चांगलं आहे.

होमोसिस्टीनचा नमुना लॅबमध्येच जाऊन द्या. रक्त तसंच राहिलं तर लाल पेशींमधून होमोसिस्टीन बाहेर येत राहतं आणि आकडा खोटा वाढतो. नळी बर्फात ठेवून लवकर यंत्रात फिरवून पेशी वेगळ्या कराव्या लागतात. घरी येऊन घेतलेलं रक्त दुपारी उशिरा पोचलं तर त्या रिपोर्टवर मी तरी भरवसा ठेवणार नाही.

आता तुमच्या डॉक्टरांच्या 'ॲनिमिया नाही' या मुद्द्याबद्दल, कारण सगळी मेख तिथे आहे. बी१२ कमी पडलं की फोलेट एकाच रूपात अडकून बसतं, डीएनए बनायला मिळत नाही, म्हणून लाल पेशी मोठ्या आणि कमी होतात. पण गोळीतलं फॉलिक ॲसिड दुसऱ्या वाटेने आत शिरतं आणि त्या वाटेवर बी१२ लागत नाही. म्हणजे रक्त सावरतं, नसांचं नुकसान चालूच राहतं. १९४० च्या दशकात डॉक्टरांनी हे प्रत्यक्ष पाहिलं: पर्निशियस ॲनिमियाच्या (इंट्रिन्सिक फॅक्टर नसल्याने बी१२ शोषलंच जात नाही असा आजार) रुग्णांना नवं नवं सापडलेलं फॉलिक ॲसिड दिलं, रक्त सुधारलं आणि कित्येकांचे पाय आणखी बिघडले. आणि फॉलिक ॲसिड न घेणाऱ्यांतही ॲनिमिया नसताना नसांची लक्षणं दिसतात. मल्टिव्हिटॅमिनबद्दल डॉक्टरांना आवर्जून सांगा.

तुमचा शेवटचा प्रश्न: हो, बी१२ सुरू केलं की रक्तातला आकडा लगेच वर जातो, आणि एमएमए-होमोसिस्टीनही काही दिवसांत खाली यायला लागतात. म्हणून रक्त आधी द्या. पण अशी लक्षणं असताना रिपोर्ट येईपर्यंत उपचार थांबवून ठेवू नका. सकाळी रक्त दिलं की त्याच दिवशी सुरू करता येतं.

एक विचारतो: मध्यंतरी भूल देऊन ऑपरेशन झालं होतं का? भूल देताना वापरला जाणारा नायट्रस ऑक्साइड वायू बी१२ ला निकामी करतो, काठावरच्या माणसाला तेवढंही पुरतं.

प्रतिसाद

वरचं सगळं मान्य. तरी दोन गोष्टी कळकळीने सांगते.

बी१२ कमी निघालं तरी सर्ट्रालिन स्वतःहून बंद करू नका. तिने झोप आणि रडणं सुधारलं, म्हणजे तिचा उपयोग होतोय. एकाच माणसाला जीवनसत्त्वाची कमतरता आणि नैराश्य दोन्ही असू शकतं. आजार शरीरात सापडला की "मग मनाचं काही नव्हतंच" असं घरचे म्हणायला लागतात आणि आजारी माणूस पुन्हा एकटा पडतो.

दुसरं म्हणजे मधुमेहानेही पाय बधिर होतात. पण ते सहसा पावलांपासून वर चढत जातं आणि गुडघ्यांपर्यंत आल्यावर मग हातांत उतरतं. तुमच्या आईला बोटांचाही त्रास आहे आणि डोळे मिटल्यावर तोल जातोय. न्यूरॉलॉजिस्टला दाखवाच. घोट्यावर ट्यूनिंग फोर्क ठेवून कंपन जाणवतं का, पायाचा अंगठा वर केला की खाली ते डोळे मिटून सांगता येतं का, हे पाच मिनिटांत बघून होतं. मेटफॉर्मिनही परस्पर थांबवू नका.

प्रतिसाद

माझ्या नवऱ्याला पर्निशियस ॲनिमिया आहे. त्याचं शरीर इंट्रिन्सिक फॅक्टरच बनवत नाही, त्यामुळे इंजेक्शनं जन्मभराची. आमच्याकडे आधी मन सावरलं. काही आठवड्यांतच तो पुन्हा स्वतःहून बोलायला लागला. मुंग्या मात्र सुरुवातीला वाढल्या आणि आम्ही घाबरलो. न्यूरॉलॉजिस्ट म्हणाले, असं होतं, इंजेक्शन सोडू नका. पायांना कित्येक महिने लागले, डाव्या पावलाची बधिरता थोडी राहिलीच.

गोळी की इंजेक्शन, हे डॉक्टर ठरवतील. १००० मायक्रोग्रॅमच्या गोळीतलं साधारण १ टक्का इंट्रिन्सिक फॅक्टरशिवायही आत जातं, म्हणून बऱ्याच जणांना गोळीने भागतं. पण नसांची लक्षणं असतील तर सहसा इंजेक्शननेच सुरुवात करतात. १९२६ च्या आधी या आजाराला उपाय नव्हता, माणसं जात होती. त्या वर्षी मायनॉट आणि मर्फी यांनी रुग्णांना रोज भरपूर यकृत खायला घालून बरं केलं, आणि ते जीवनसत्त्व वेगळं काढता आलं १९४८ मध्ये. नवऱ्याला इंजेक्शन देताना मला हे दर वेळी आठवतं.

धागाकर्तीचा प्रतिसाद

सगळ्यांचे मनापासून आभार. ऑपरेशन झालेलं नाही, पण पित्ताशयाचं करायचं ठरतंय. नायट्रस ऑक्साइडचं वाचून बरंच झालं, भूलतज्ज्ञांना आधीच सांगेन आणि शक्य असेल तर बी१२ चा निकाल लागेपर्यंत तारीख पुढे घेता येईल का तेही विचारेन. एमएमए आणि होमोसिस्टीनचं रक्त उद्या सकाळी लॅबमध्ये जाऊनच देतोय. त्यानंतर लगेच डॉक्टरांची वेळ घेतली आहे, तिथे इंजेक्शनचं बोलेन. न्यूरॉलॉजिस्टसाठी चिठ्ठीही मागणार आहे. सर्ट्रालिन आणि मेटफॉर्मिनला हात लावत नाही.

अजून एक विचारायचं राहिलं. ज्यांचा डोळे मिटल्यावर तोल जायचा, त्यांच्यापैकी कुणाचा तो परत आला का? आला असेल तर इंजेक्शनांबरोबर तोल सांभाळायचे व्यायाम केले होते का, आणि ते फिजिओथेरपिस्टकडे की घरी? आई आंघोळीला गेली की मी दाराबाहेर थांबते. तिला ते अजिबात आवडत नाही, म्हणून तोवर आत काय काय बसवून घेतलं तर तिला एकटीला निर्धास्त जाता येईल, तेही कृपया सांगा.