नववीला पायथन शिकवताना पाठांतर कसे थांबवावे?

प्रश्न (तासगावची शिक्षिका)

मी तासगाव तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत गणित शिकवते. यंदा नववीच्या संगणकाच्या तासिकाही माझ्याकडे आल्या आहेत. चालू स्थितीतील संगणक मोजकेच असल्याने एका यंत्रावर तिघे बसतात. पायथन या संगणक-भाषेतला फळ्यावरचा प्रोग्राम मुले बिनचूक उतरवतात आणि परीक्षेत जसाच्या तसा लिहितातही. मात्र दोनऐवजी तीन संख्यांची बेरीज करा म्हटले की वर्ग गप्प होतो. परवा २ आणि ३ दिल्यावर उत्तर २३ आले, तेव्हा संगणकच बिघडला असे मुलांनी ठरवून टाकले. आधी स्क्रॅच (रंगीत ठोकळे जोडून प्रोग्राम बनवण्याची मुलांसाठीची भाषा) घ्यावे का? की इंग्रजीची भीती आड येत असावी?

प्रतिसाद (मिरजकर)

मॅडम, ते २३ हातचे जाऊ देऊ नका. 'इनपुट' कळफलकावरून आलेले सारे मजकूर म्हणूनच देते आणि अधिकचे चिन्ह दोन मजकूर एकापुढे एक जोडते. 'इंट' लावल्यावरच त्यांच्या संख्या होतात. हे आधी सांगून टाकण्याऐवजी, प्रोग्राम चालवण्यापूर्वी प्रत्येकाला अपेक्षित उत्तर वहीत लिहायला लावावे. अंदाज चुकला की कारण शोधायची निकड मुलालाच वाटते. तिघांपैकी एकाने टंकावे, दुसऱ्याने प्रत्येक ओळीनंतर चलांच्या किमतींचा तक्ता भरावा, तिसऱ्याने तो तपासावा आणि जागा आळीपाळीने बदलाव्यात. स्क्रॅच पाचवी-सहावीला उत्तम आहे. नववीतल्या मुलांना तो पोरखेळ वाटतो, असे माझे मत.

प्रतिसाद (कृष्णाकाठचा शिक्षक)

उदाहरणे गावातली घ्यावीत. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे, हे इकडच्या मुलांना शिकवावे लागत नाही. पातळी विचारून 'इशारा' किंवा 'धोका' छापणारा प्रोग्राम मी लिहायला देतो. बरीच मुले 'इफ'मध्ये (म्हणजे 'जर') ४० ची अट घालतात आणि 'एलिफ'मध्ये (म्हणजे 'नाहीतर जर') ४५ ची. मग २०१९ च्या महापुरात पाणी ५७ फुटांवर गेले होते, तो आकडा टाकायला सांगतो आणि पडद्यावर नुसता 'इशारा' उमटतो. एक अट खरी ठरली की पायथन त्याच साखळीतील पुढच्या अटींकडे पाहतही नाही, हे तेव्हा कळते. अटींचा क्रम कोणता हवा, यावर मुलेच वाद घालू लागतात. ज्यांच्या घरात पाणी शिरले होते, त्यांना ही चूक किती महागात पडेल हे सांगावे लागत नाही.

इंग्रजीचे म्हणाल, तर पायथनचे राखीव शब्द, म्हणजे 'इफ'सारखे ठरलेल्या अर्थाचे शब्द, अवघे ३५ आणि नववीला त्यांतले दहा-बारा पुरतात. पायथन ३ मध्ये 'पातळी', 'बेरीज' अशी चलांची नावे देवनागरीत चालतात. 'इंट' देवनागरी अंकही स्वीकारते. प्रोग्राममध्ये थेट लिहिलेली संख्या मात्र इंग्रजी अंकांतच लागते.

प्रतिसाद (मिरजकर)

सर, देवनागरी नावांबाबत माझी असहमती आहे. दर ओळीला कळफलक बदलण्यातच तासिका संपते. नाव मराठीच ठेवून रोमन लिपीत टंकणे सोयीचे पडते.

प्रतिसाद (तासगावची शिक्षिका)

दोघांचेही आभार. पुराचे उदाहरण याच आठवड्यात घेते. पण घटक चाचणीत 'प्रोग्राम लिहा' हाच प्रश्न राहिला, तर मुले पुन्हा घोकंपट्टीकडेच वळतील ना?

प्रतिसाद (कृष्णाकाठचा शिक्षक)

चाचणीचा कागद आपणच काढत असाल, तर छापलेला प्रोग्राम देऊन 'पातळी ४५ असताना काय छापले जाईल?' असे विचारावे आणि मुद्दाम घातलेली एक चूक दुरुस्त करायला सांगावी. चाचणीच्या दिवशी वीज गेली तरी असा कागद अडत नाही.