टाकी वाहिली, त्याबद्दल

ए-५०२: काल रात्री मोटर कोणी चालू ठेवली? टाकी दीड तास वाहत होती. गच्चीवरचं पाणी जिन्यातून थेट आमच्या दारात आलं. कपाट खालून फुगलंय, मुलीची वर्षभराची चित्रं भिजली. रात्री दीडपर्यंत मी एकटी पाणी उपसत होते.

बी-२०१: हा निव्वळ निष्काळजीपणा आहे. नाव जाहीर करा.

ए-३०४: मीटर रूमचं दार कॅमेऱ्यात येतं. फुटेज काढा आणि इथेच टाका.

बी-४०३: दंड बसल्याशिवाय लोक सुधारत नाहीत. निदान पुढच्याला तरी धाक राहील.

बी-१०२: मोटर मी लावली होती. वॉचमन सुट्टीवर आहे, काल पाळी माझी होती. साडेनऊला बटण दाबून घरी आले तर बाबांना दम लागलेला. त्यांच्याजवळ बसले आणि मोटर डोक्यातून पार गेली. ताई, चूक माझी आहे. मी आत्ता वर येते.

ए-३०४: मोबाइलवर अलार्म लावायचा ना. एवढं साधं.

बी-५०१: फुटेज काढू नका असं मी लिहीत होतो, तेवढ्यात बी-१०२ ताईंनी स्वतःच सांगितलं. सगळ्या ग्रुपसमोर हे लिहायला धीर लागतो. पण नाव कळलं म्हणजे विषय संपला असं कृपया समजू नका. जरा लांबण लागेल, वाचा.

माझी नोकरी विमानांच्या देखभालीतली. आम्हाला प्रशिक्षणात एक अपघात शिकवत. १ डिसेंबर १९७४. वॉशिंग्टनजवळच्या डलेस विमानतळावर उतरायला आलेलं विमान वाटेतल्या डोंगरावर आदळलं. ९२ माणसं होती, एकही वाचलं नाही. नियंत्रण कक्षातून आलेल्या परवानगीचा अर्थ वैमानिकांनी 'आता खाली यायला हरकत नाही' असा घेतला, आणि ते डोंगर ओलांडायच्या आधीच खाली आले. चौकशीत पुढे आलं की साधारण सहा आठवडे आधी दुसऱ्या एका कंपनीच्या वैमानिकांचाही त्याच ठिकाणी तसाच गैरसमज झाला होता. ते थोडक्यात बचावले. त्यांनी आपल्या कंपनीला कळवलं, कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केलं. पण बाकीच्यांपर्यंत ती गोष्ट पोचायची काही सोयच नव्हती. ९२ जीव वाचवू शकणारी माहिती जगात होती, फक्त चुकीच्या दाराआड.

त्यानंतर १९७६ मध्ये अमेरिकेत चुका आणि हुकलेले अपघात कळवण्यासाठी वेगळी व्यवस्था उभी राहिली. तिथलं नियमन करणारी संस्था एफएए, पण हे अहवाल गोळा करायचं काम दिलं नासाकडे. कारण ज्याच्या हातात छडी आहे त्याच्यापुढे कोणी मन मोकळं करत नाही. नासा आलेल्या अहवालातून नाव-गाव काढून टाकते. नकळत नियम मोडला गेला असेल आणि दहा दिवसांच्या आत कळवलं, तर सहसा दंडही होत नाही. मुद्दाम केलेल्या गुन्ह्याला मात्र ही सवलत नाही, आणि ते योग्यच आहे.

आता आपलं बघा. मोटरचं बटण तळमजल्यावर, टाकी पाच मजले वर. बटण दाबणाऱ्याला टाकी दिसतच नाही. सगळा भार त्याच्या आठवणीवर, आणि घरात कोणाला दम लागला की आठवण हमखास दगा देते. काल तिथे आपल्यापैकी कोणीही असतं तरी पाणी वाहिलंच असतं.

ए-४०१: लिहू की नको, असं सकाळपासून चाललंय. गेल्या महिन्यात माझ्याकडूनही मोटर चालू राहिली होती. अर्धा तास तरी. तेव्हा सगळं पाणी गच्चीच्या पाइपातून निघून गेलं, कोणाला कळलं नाही आणि मी गप्प बसलो. काकांचा मेसेज वाचून अंगावर काटा आला. आत्ता गच्चीवर जाऊन आलो. पाइपाच्या तोंडावरची जाळी पानांनी गच्च भरली आहे, म्हणून या वेळी पाणी जिन्याकडे वळलं.

बी-४०३: अहो, मग तेव्हाच सांगायचं होतं! आज ताईंचं नुकसान झालं नसतं.

ए-२०२: दादा, थांबा जरा. त्यांनी तेव्हा सांगितलं असतं तर आपण काय केलं असतं? आज सकाळी केलं तेच. मीही त्यात होतेच, फुटेजच्या मेसेजला अंगठा दिला होता, आता काढला. माणसं चूक लपवतात म्हणून आपण चिडतो, आणि आपण इतके चिडतो म्हणून ती लपवतात. ए-४०१ भाऊंनी सांगितलं नसतं तर जाळी तुंबल्याचं आपल्याला आजही कळलं नसतं.

बी-४०३: हे मान्य. शब्द मागे घेतो. बी-१०२ ताई, सकाळचं दंडाचं बोलणंही मागे घेतो. बाबा कसे आहेत?

बी-१०२: आता बरे आहेत. झोपलेत.

ए-५०२: मला थोडं लिहायचं आहे. काका म्हणतात ते पटलं, पण 'कोणाकडूनही झालं असतं' हे वाचताना क्षणभर असं वाटलं की मग माझं जे गेलं त्याला कोणीच वाली नाही. राग सोडून दे म्हणणं सोपं आहे. भिजलेली चित्रं मुलीच्या हातात देताना ते जड जातं. सकाळी मला नाव हवं होतं. खरं तर नाव कळून मी काय करणार होते? रात्री मी एकटी होते, तो राग होता तो. बी-१०२ ताई वर आल्या, काही न बोलता चित्रं एकेक सुटी करून पंख्याखाली पसरायला बसल्या. तीन वाया गेली, बाकीची वाचतील. मुलगी आता त्यांना प्रत्येक चित्र समजावून सांगते आहे. माझ्या मनात काही राहिलेलं नाही. पण पुन्हा कोणाच्या घरात पाणी आलं तर रात्री बेल वाजवा, आम्ही येऊ. आणि मी वाजवली तर तुम्ही या.

बी-५०१: ताई, हे माझ्या मेसेजमध्ये आधी यायला हवं होतं. कारणं शोधायच्या नादात माणूस मागे राहिला. क्षमा करा.

ए-२०२: कपाटाचं काय ते कमिटी फंडातून बघू या. बी-१०२ ताईंच्या एकटीच्या अंगावर नको.

ए-४०१: जाळी मी साफ करतोय. दर रविवारी करेन.

बी-२०१: माझा मुलगा दहावीत आहे, तो एक सुचवतोय. टाकीत हवाबंद डबा तरंगत ठेवायचा. त्याला दोरी बांधून ती कप्पीवरून बाहेर सोडायची, टोकाला लाल रंगाचं वजन. पाणी चढलं की डबा वर येईल आणि वजन खाली सरकेल. मीटर रूमच्या दारातून मान वर केली की दिसेल.

ए-३०४: वाऱ्याने हलेल. टिकणार नाही.

बी-५०१: टिकणार नाही हे उद्या म्हणू, आज एकदा लावून बघू. वारा लागू नये म्हणून वजन पाइपात सोडता येईल, पाइपाला समोरून उभी चीर द्यायची. डबा वजनापेक्षा जड हवा, नाहीतर पाणी उतरल्यावर तो वरच लटकत राहील. मुलाला सांगा, कल्पना चांगली आहे, संध्याकाळी त्यालाच गच्चीवर घेऊन या.

ए-३०४: पाइपाचा तुकडा माझ्याकडे पडून आहे, आणतो.

बी-१०२: नायलॉनची दोरी आहे माझ्याकडे. किती फूट लागेल?