पायाची तपासणी: जाताना जुन्या चपला न्या

सासूबाईंना मधुमेह आहे, पोडियाट्रिस्टकडे (पायांच्या तज्ज्ञाकडे) नेल्यावर नक्की काय करतात, असं विचारलंय म्हणून आमचा अनुभव. बाबांना नेलं तेव्हा त्यांना वाटलं होतं, कुरूप कापून घरी पाठवतील. तसं नसतं. आधी चपला बघतात! तळ कुठे झिजलाय त्यावरून पायाचा कुठला भाग जास्त दाब घेतो ते कळतं. त्यामुळे रोजच्या वापरातल्याच न्या, ठेवणीतल्या नकोत. नेलपॉलिश असेल तर काढून जा.

मग पायाला स्पर्श कळतो का ते बघायला डोळे मिटायला सांगून तळव्याला नायलॉनचा दोरा टेकवतात. तो 10 ग्रॅम दाबाला वाकतो. बाबांना दोन ठिकाणी तो लागलाच नाही, आणि ते मात्र "टेकवा की आता" म्हणत बसलेले! कंप पावणारा धातूचा काटा (ट्यूनिंग फोर्क) पायाच्या अंगठ्याला लावून पाहतात, पायाची नाडी बघतात, कधी घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून तुलना करतात. दुखत काहीच नाही.

घट्टे तासणं, नखं कापणं तिथेच होतं. मेडिकलमधली कुरुपाची पट्टी मात्र मधुमेहींनी लावू नये. त्यातल्या सॅलिसिलिक अ‍ॅसिडने भाजतं आणि बधिर पायाला पत्ताही लागत नाही.